अमौसी : शासनाचा विमानतळ, प्रवाशाची जागा

२२ जानेवारी १९९३ रोजी लखनौहून दिल्लीस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान थोड्याच वेळात माघारी वळले आणि अमौसीच्या धावपट्टीवर परत उतरले. बाबरी मशीद पाडली जाऊन जेमतेम सात आठवडे झाले होते आणि उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट होती. आपल्याजवळ स्फोटके असल्याची धमकी देऊन एका तरुणाने विमान ताब्यात घेतले होते. अटकेतील कारसेवकांना सोडावे, ही त्याची मागणी होती. लखनौचे खासदार अटलबिहारी वाजपेयी त्या दिवशी शहरातच होते. त्यांना विमानतळावर नेण्यात आले, त्यांनी त्या तरुणाची समजूत घातली आणि तो शरण आला. त्याच्याजवळच्या पुडक्यात स्फोटके नव्हतीच, असे नंतर निष्पन्न झाले.

याच्या चौदा वर्षे आधी, २० डिसेंबर १९७८ रोजी, कलकत्त्याहून लखनौमार्गे दिल्लीस जाणारे विमान लखनौ सोडल्यानंतर दोन तरुणांनी पळवून वाराणसीस नेले होते. इंदिरा गांधींना आदल्याच दिवशी अटक झाली होती. त्यांची सुटका करा, असे भोलानाथ आणि देवेंद्रनाथ पांडे यांचे म्हणणे होते. त्यांच्या हातातील पिस्तुले खेळण्यातली निघाली. पुढे १९८० मध्ये काँग्रेसच्या उमेदवारीवर दोघेही उत्तर प्रदेश विधानसभेत निवडून आले.

हे दोन्ही प्रसंग आज गमतीच्या आठवणी म्हणून सांगितले जातात. विमानात बसलेल्या शंभराहून अधिक माणसांच्या दृष्टीने त्यात गंमत नव्हती; पण त्या माणसांची आठवण कोणी सांगत नाही. अमौसीच्या इतिहासात मंत्री आहेत, नेते आहेत, त्यांच्यासाठी जीव धोक्यात घालणारे आणि दुसऱ्यांचा घालणारे कार्यकर्ते आहेत. प्रवासी मात्र केवळ संख्येच्या रूपाने येतो. हा विमानतळ २०२० पासून पन्नास वर्षांसाठी खासगी चालकाच्या हाती गेला आहे. त्यामुळे प्रवाशाचे स्थान काय, हा प्रश्न आता केवळ इतिहासाच्या अभ्यासकापुरता राहिलेला नाही. तो धोरणाचा प्रश्न झाला आहे.

अमौसी हे लखनौच्या नैर्ऋत्येस कानपूर रस्त्यावरचे एक गाव. विमाने येण्याच्या कितीतरी आधीपासून हा रस्ता सत्तेच्या ये-जा करण्याचा मार्ग होता. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा केले आणि मार्चमध्ये नवाब वाजिद अली शाह याच दिशेने शहर सोडून कलकत्त्याकडे निघाले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बिठूरचे नानासाहेब पेशवे लखनौस येऊन गेले. सप्टेंबर १८५७ मध्ये रेसिडेन्सीचा वेढा फोडण्यासाठी हॅवलॉक आणि आउट्रम यांचे सैन्य कानपूरहून याच वाटेने आले. आज मेट्रोचे स्थानक असलेले आलमबाग त्यांनी २३ सप्टेंबरला घेतले आणि २५ ला ते रेसिडेन्सीत पोहोचले. दोन महिन्यांनी मरण पावलेल्या हॅवलॉकची कबर आलमबागेतच आहे. विमानतळावरून शहरात येणारा पाहुणा नकळत याच मार्गाने प्रवेश करतो.

विमानयुग मात्र लखनौला बगल देऊन आले. १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत उड्डाण केले. जगातील पहिली अधिकृत हवाई टपाल म्हणून ते ओळखले जाते. १९३३ साली कराची ते कलकत्ता ही नियमित हवाई सेवा सुरू झाली, तेव्हा तिचे थांबे जोधपूर, दिल्ली, कानपूर आणि अलाहाबाद हे होते. अलाहाबादेत उच्च न्यायालय होते, कानपुरात गिरण्या होत्या. लखनौत संयुक्त प्रांताचे विधानभवन १९२८ मध्ये उभे राहिले होते आणि प्रांतिक सरकारचा कारभार हळूहळू तेथे सरकत होता. परंतु टपाल आणि व्यापार यांच्या हिशेबात हे शहर अजून मार्गावर आलेले नव्हते. महाराष्ट्राशी तुलना केली तर फरक लगेच कळतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, ते व्यापारी गरजेपोटी. १९४९ पासून चार महानगरांची टपाल-विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येऊ लागली, तीही टपालाच्या गरजेपोटी. लखनौला विमानतळाची खरी गरज लावली ती राजधानीपणाने.

अमौसी विमानतळाचे बांधकाम-वर्ष म्हणून अनेक ठिकाणी १९८६ दिलेले आढळते आणि उद्योगक्षेत्रातील व सरकारी अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी तो बांधला, असेही पुढे म्हटलेले असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे साल स्वीकारता येत नाही. कारण वर उल्लेखिलेले १९७८ चे विमान लखनौहूनच उडाले होते. १९८६ हे वर्ष महत्त्वाचे आहे ते वेगळ्या कारणाने. त्या वर्षी देशांतर्गत विमानतळांसाठी राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण स्थापन झाले आणि तोवर नागरी विमान वाहतूक खात्याच्या थेट देखरेखीखाली असलेले असे विमानतळ एका महामंडळवजा संस्थेकडे आले. १ एप्रिल १९९५ रोजी हे प्राधिकरण आणि १९७२ चे आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण यांचे विलीनीकरण होऊन आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. स्थापनेचे साल चुकीचे फिरत राहते आणि कोणी ते दुरुस्त करीत नाही. सार्वजनिक वास्तूंची चरित्रे लिहून ठेवण्याबाबत आपण किती उदासीन आहोत, हे त्यावरून दिसते.

‘अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी’ हे वर्णन मात्र सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. प्रशासकीय सेवेतील माझ्या पिढीला अमौसी प्रथम ओळखीचे झाले ते राजशिष्टाचाराचे ठिकाण म्हणून. कोणत्या दर्जाच्या पाहुण्यास कोणी सामोरे जायचे, पुष्पगुच्छ कोणाच्या हाती असावा, वाहनांचा क्रम कसा लावायचा, हे नियम आम्हांला पाठ होते. सामान्य प्रवासी कोठे उभा राहतो, त्याला पाणी मिळते का, त्याच्या सामानाचे काय होते, हे पाहणे आमच्या कर्तव्यसूचीत नव्हते. राज्य सरकारची स्वतःची विमाने आणि हेलिकॉप्टरे याच आवारातील हँगरमध्ये असत. धावपट्टी एकच होती. पण तिच्याकडे पाहण्याच्या नजरा दोन होत्या.

नामकरणाची कथाही याच वृत्तीची आहे. १७ जुलै २००८ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अमौसी विमानतळास चौधरी चरणसिंह यांचे नाव देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर पाचच दिवसांनी, २२ जुलैला, अणुकरारावरून मनमोहनसिंग सरकारला लोकसभेत विश्वासदर्शक ठरावास सामोरे जायचे होते आणि चरणसिंहांचे पुत्र अजितसिंह यांच्या पक्षाकडे तीन मते होती. निर्णयाची वेळ आणि मतांचे गणित यांचा संबंध त्या वेळच्या वृत्तपत्रांनी उघडपणे जोडला. अजितसिंहांनी अखेर सरकारविरुद्ध मत दिले. नाव मात्र राहिले. ज्यांचे नाव आहे त्यांच्याविषयी कोणतीही शंका असण्याचे कारण नाही. उत्तर प्रदेशातील जमीनदारी निर्मूलनाचा कायदा घडविणारे आणि शेतकऱ्याला राष्ट्रीय राजकारणाच्या केंद्रस्थानी आणणारे नेते म्हणून चरणसिंहांचे स्थान निर्विवाद आहे. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्नही देण्यात आले. परंतु शेतकऱ्यांच्या नेत्याचे नाव विमानतळास देणे एवढ्याने तो विमानतळ शेतकऱ्यांच्या मुलांचा होत नाही.

गंमत अशी, की तो खरोखरच त्यांचा होऊ लागला होता आणि त्यामागे कोणाची राजकीय योजना नव्हती. मे २०१२ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले आणि आंतरराष्ट्रीय विमानतळाचा दर्जाही मिळाला. लखनौच्या आंतरराष्ट्रीय फलकावर दिसणारी नावे पाहावीत : दुबई, शारजा, मस्कत, रियाध, जेद्दा, दम्माम. ही पर्यटकांची शहरे नव्हेत. निदान लखनौहून जाणाऱ्यांसाठी नव्हेत. परदेशी कामासाठी शासकीय परवानगी घेऊन जाणाऱ्या कामगारांत उत्तर प्रदेश आणि बिहार ही राज्ये गेली काही वर्षे अग्रभागी आहेत. आझमगड, देवरिया, गोरखपूर, बस्ती या भागांतील गवंडी, वीजतंत्री, चालक, स्वयंपाकी आखाती देशांत जातात. पूर्वी त्यांना त्यासाठी मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागे. मुंबईत विमानाची वाट पाहत स्वस्त निवाऱ्यांत दिवस काढणारे हे तरुण मराठी वाचकांनी पाहिले असतील. स्थलांतरितांच्या नोंदणीसाठी केंद्राचे कार्यालय रायबरेलीस झाले आणि विमान लखनौहून मिळू लागले, तेव्हा या वर्गाचा प्रवास आणि खर्च दोन्ही घटले. हज यात्रेचे प्रस्थान-केंद्र म्हणूनही लखनौला महत्त्व आहे. राजशिष्टाचारासाठी सजविलेल्या आवारात दोरीने बांधलेली खोकी घेऊन आलेला प्रवासी शिरला, हा अमौसीच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल मी मानतो. त्याचे उद्घाटन कोणी केले नाही.

याच टप्प्यावर विमानतळाची मालकी आणि चालकत्व वेगळे झाले. २००३ च्या कायदादुरुस्तीने विमानतळ भाडेपट्ट्याने देण्याची मुभा प्राधिकरणास मिळालीच होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये लखनौ, अहमदाबाद, जयपूर, मंगळुरू, तिरुवनंतपुरम आणि गुवाहाटी या सहा विमानतळांसाठी बोली लागली. प्रत्येक प्रवाशामागे प्राधिकरणाला किती रुपये देणार, हा निकष होता. सहाही ठिकाणी अदानी समूहाची बोली सर्वाधिक ठरली. लखनौसाठी ती दर प्रवाशी १७१ रुपये होती. विमानतळ चालविण्याचा पूर्वानुभव ही अट ठेवलेली नव्हती. एकाच बोलीदाराला दोनपेक्षा अधिक विमानतळ देऊ नयेत, असे अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाने आधी सुचविले होते. ते मान्य झाले नाही. २ नोव्हेंबर २०२० रोजी लखनौचा ताबा पन्नास वर्षांसाठी हस्तांतरित झाला.

या व्यवहाराकडे केवळ रोषाने किंवा केवळ कौतुकाने पाहून काही साधत नाही. १० मार्च २०२४ रोजी उद्घाटन झालेले तिसरे टर्मिनल प्रशस्त आहे. सुमारे २,४०० कोटी रुपये खर्चाच्या या इमारतीच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ऐंशी लाख प्रवाशांची आहे आणि वर्षाकाठी साठ लाखांहून अधिक प्रवासी असलेल्या विमानतळाला ती आवश्यकच होती. जुन्या टर्मिनलांतील रांगा ज्यांनी अनुभवल्या आहेत त्यांना हा फरक सांगावा लागत नाही. शिवाय जमीन प्राधिकरणाचीच राहिली आहे. हवाई वाहतूक नियंत्रण प्राधिकरणाकडे, सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आणि पारपत्र-तपासणी व सीमाशुल्क केंद्र सरकारकडे आहे. म्हणजे शासन येथून निघून गेलेले नाही. त्याची भूमिका बदलली आहे : मालकाची जागा विश्वस्ताने घेतली आहे. विश्वस्ताचे काम मालकापेक्षा कठीण असते; कारण त्याला दुसऱ्याच्या व्यवहारावर लक्ष ठेवायचे असते आणि तिसऱ्याच्या हिताचा जाब द्यायचा असतो.

तो तिसरा म्हणजे प्रवासी आणि त्याचे हित कोठे ठरते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. वर्षाला पस्तीस लाखांहून अधिक प्रवासी असलेल्या विमानतळांचे दर २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरविते. दर पाच वर्षांच्या कालखंडासाठी चालकाने केलेली गुंतवणूक, तिच्यावरील वाजवी परतावा, घसारा आणि चालू खर्च यांची बेरीज केली जाते. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणानुसार दुकाने, जाहिराती, वाहनतळ अशा बिगर-हवाई उत्पन्नाचा तीस टक्के भाग त्यातून वजा होतो. उरलेली रक्कम विमान कंपन्यांवरील आकार आणि प्रवाशांवरील वापरकर्ता विकास शुल्क यांतून वसूल होते. साध्या भाषेत सांगायचे तर, इमारत जितकी महाग तितके तिकिटातील शुल्क अधिक. देखण्या छताची किंमत दम्मामला निघालेला गवंडीही देतो.

हे अन्यायकारकच आहे, असे नाही. सुविधेचे मोल कोणी तरी द्यावेच लागते. अन्याय होतो तो प्रक्रियेत. दर ठरविण्यापूर्वी नियामक सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध करतो, संबंधितांची बैठक घेतो, हरकती मागवितो आणि मग आदेश काढतो. आदेश अमान्य असल्यास दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ही व्यवस्था कागदावर उत्तम आहे. पण शेकडो पानांचे हे मसुदे इंग्रजीत आणि लेखापालाच्या परिभाषेत असतात. हरकती येतात त्या प्रामुख्याने विमान कंपन्या, त्यांच्या संघटना आणि स्वतः चालक यांच्याकडून. विमान कंपनीला शुल्क तिकिटात टाकता येते. ज्याला ते पुढे कोणावर ढकलता येत नाही, त्या शेवटच्या माणसाचा आवाज त्या बैठकीत जवळजवळ नसतोच. उत्तर प्रदेशच्या आमदारांनी किंवा लखनौच्या नगरसेवकांनी हा विषय हिरिरीने मांडल्याचेही आठवत नाही.

वेगळा मार्ग शक्य होता का? केरळने तो शोधण्याचा प्रयत्न केला. तिरुवनंतपुरमसाठी राज्य सरकारच्या महामंडळाने स्वतः बोली लावली. १६८ रुपयांपुढे त्यांची १३५ रुपयांची बोली कमी पडली आणि न्यायालयीन आव्हानही टिकले नाही. पण त्याच राज्यात १९९९ मध्ये सुरू झालेला कोची विमानतळ राज्य सरकार आणि हजारो अनिवासी भारतीय यांच्या भागभांडवलातून उभा राहिला. आखातात राबणाऱ्यांच्या समाजाला तेथे विमानतळाच्या मालकीत वाटा मिळाला; पूर्वांचलातील त्यांचे सोबती लखनौत केवळ शुल्क भरतात. नवी मुंबईचे उदाहरण मराठी वाचकांना अधिक जवळचे आहे. तेथेही विमानतळाशी जोडले गेलेले दि. बा. पाटील यांचे नाव शेतकऱ्यांच्या नेत्याचेच आहे. परंतु त्या नावामागे जानेवारी १९८४ चे जासई परिसरातील आंदोलन आहे, पोलिसांच्या गोळीबारात पडलेले पाच शेतकरी आहेत आणि त्यातून पुढे आलेले साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे धोरण आहे. नवी मुंबईत नावाची मागणी खालून वर गेली. लखनौत नाव मंत्रिमंडळाच्या बैठकीतून खाली आले. नाव एकाच प्रकारचे असले तरी त्यामागील करार वेगळा असतो.

शहराचाही एक करार या विमानतळाशी आहे. एकेकाळी गावाबाहेर असलेले अमौसी आज वस्तीने वेढले गेले आहे. कानपूर रस्त्यालगत निवासी योजना वाढत गेल्या आणि ८ मार्च २०१९ पासून मुन्शीपुलिया ते विमानतळ अशी सुमारे तेवीस किलोमीटरची मेट्रो पूर्ण धावू लागली. शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकावरून थेट मेट्रोने विमानतळावर जाता येणे, ही सोय देशातील अनेक मोठ्या शहरांना अजून नाही. पण टर्मिनले कितीही वाढविली तरी धावपट्टी एकच आहे. तिची दुरुस्ती निघाली की उड्डाणांचे वेळापत्रक आकसते आणि हिवाळ्यातील दाट धुक्यात उतरण्याची यंत्रणा असूनही सकाळचे तास वाया जातात. धावपट्टीच्या दिशेने इमारतींची उंची वाढू न देणे, पावसाचे पाणी वाहून नेणारे नाले मोकळे ठेवणे, ही कामे चालकाच्या हातातली नाहीत. ती विकास प्राधिकरणाची आणि महानगरपालिकेची आहेत. पन्नास वर्षांचा करार केंद्र आणि चालक यांच्यात झाला. त्याचे यश मात्र त्या करारात सही नसलेल्या या संस्थांवर अवलंबून आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, दरनिश्चितीच्या मसुद्याचा सोपा सारांश राज्याच्या भाषेत निघावा आणि त्याची जनसुनावणी लखनौतच व्हावी. तेथे प्रवाशांचा, विशेषतः स्थलांतरित कामगारांचा, प्रतिनिधी नेमलेला असावा. महाराष्ट्राला हे नवीन नाही : वीजदरांच्या सुनावणीत ग्राहक प्रतिनिधी नेमण्याची पद्धत तेथे रुळली आहे. दुसरी, दर प्रवाशी मिळणाऱ्या रकमेतून प्राधिकरणाला एका विमानतळापोटी वर्षाला किती उत्पन्न झाले आणि ते कोणत्या लहान विमानतळांवर खर्च झाले, हे विमानतळनिहाय प्रसिद्ध व्हावे. अशा विमानतळांना पैसा पुरविणे हे खासगीकरणाचे एक समर्थन होते. त्याचा हिशेब नागरिकाला सहज वाचता यावा. तिसरी गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याची आहे. खात्याकडून प्राधिकरणाकडे आणि तेथून खासगी चालकाकडे, अशा हस्तांतरांत जुनी कागदपत्रे हरवतात. जमीन संपादनाचे नकाशे, धावपट्टीच्या विस्ताराच्या फायली, जुन्या टर्मिनलांची छायाचित्रे राज्य अभिलेखागारात जमा व्हावीत. कोणाची जमीन कधी आणि कोणत्या दराने घेतली, हे २०७० मध्ये, भाडेपट्टा संपेल तेव्हा, विचारले जाईल. त्या वेळी उत्तर देणारा कागद तरी असावा.

नव्या टर्मिनलच्या भिंतींवर चिकनकारीची नक्षी उमटविली आहे आणि ती पाहून लखनौकराला बरे वाटते, हे खरे. त्या नक्षीखालून रोज पहाटे आखाताकडे जाणारी रांग सरकते. त्यांतील अनेकांचा हा पहिला विमानप्रवास असतो आणि हातातील तिकिटाचे पैसे बहुधा उसने घेतलेले असतात. त्या तिकिटात वापरकर्ता विकास शुल्क नावाची एक ओळ आहे. ती रक्कम कशी आली, हे त्याला त्याच्या भाषेत सांगता आले आणि तीविरुद्ध बोलण्याची जागा त्याला लखनौत मिळाली, तर चरणसिंहांचे नाव या विमानतळाला शोभले असे म्हणता येईल.